त्याला की स्वतःला?

आषाढ शुद्ध एकादशीला सारा महाराष्ट्र पंढरपूरकडे तोंड करून असतो. पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीला, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतमध्ये गर्दी लोटते. (रायगडातले कर्जत वेगळे. हे भीमेच्या खोऱ्यातले, कमी पावसाच्या पट्ट्यातले.) या कामिका एकादशीला ग्रामदैवत संत सद्गुरू गोदड महाराजांचा रथ निघतो. पंढरीचा पांडुरंग त्या दिवशी गोदड महाराजांना भेटायला कर्जतला येतो, अशी पंचक्रोशीची श्रद्धा आहे. पंधरा दिवसांपूर्वी भक्त चालत देवाकडे गेला होता, आता देव भक्ताकडे निघाला. वारीच्या वाक्यातला कर्ता कर्म झाला आणि कर्म कर्ता.

आता हेच वाक्य कर्जतच्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत लिहायचे आहे. देव आणि भक्त ही दोन्ही नामे एकदा येऊन गेली, पुढे सर्वनामे वापरायची आहेत. विद्यार्थी लिहील, ‘ही मेट हिम’, तो त्याला भेटला. व्याकरणाच्या दृष्टीने चोख. पण त्याच गावातल्या कीर्तनात देव आणि भक्त दोन नाहीत असेही सांगितले जाते. ते खरे धरले, तर इंग्रजीचा नियम लगेच आडवा येतो. कर्ता आणि कर्म एकच असतील तर ‘हिम’ चालत नाही, ‘हिमसेल्फ’ लिहावे लागते. म्हणजे विठ्ठल गोदड महाराजांना भेटला की स्वतःलाच भेटला, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. शाळेत पाचदहा मिनिटांत शिकवल्या जाणाऱ्या या नियमामागे भारतीय तत्त्वज्ञानातला एक मोठा वाद उभा आहे.

नियम सोपा आहे. एकाच उपवाक्यात कर्ता आणि कर्म एकाच व्यक्तीकडे बोट दाखवत असतील तर ‘सेल्फ’ लावलेले सर्वनाम, वेगवेगळ्या व्यक्तींकडे दाखवत असतील तर साधे. ‘ही सॉ हिमसेल्फ’ म्हणजे त्याने स्वतःला पाहिले. ‘ही सॉ हिम’ म्हणजे त्याने दुसऱ्या कोणाला तरी पाहिले, दुसरा अर्थ निघूच शकत नाही. नोम चॉम्स्की यांनी १९८१ मध्ये हे दोन्ही नियम सूत्रबद्ध केले आणि जगभरच्या भाषा त्यांवर तपासल्या जाऊ लागल्या. स्थळ दाखवताना मात्र इंग्रजी थोडी सैल होते. त्याने मागे वळून पाहिले, याला ‘ही लुक्ड बिहाइंड हिम’ म्हणतात, तिथे ‘सेल्फ’ लागत नाही. आपल्याकडे मुलाखतीला गेलेली मुले ‘मायसेल्फ’ म्हणून नाव सांगतात आणि समोरचा हसतो. हसण्यासारखे त्यात फार काही नाही. ‘मी स्वतः’ असे जोर देऊन सांगायची मराठी सवय तिथे इंग्रजीत उतरलेली असते. ‘मायसेल्फ’ला जोर देता येतो, पण ‘आय’शिवाय एकट्याने कर्ता होता येत नाही, एवढेच त्या मुलाला कोणी नीट सांगितलेले नसते.

इंग्रजीही पूर्वी इतकी काटेकोर नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘हिम’ दोन्हीकडे चाले, दुसऱ्यासाठीही आणि स्वतःसाठीही. ‘सेल्फ’ हा शब्द जोर देण्यापुरता येई. तो हळूहळू चिकटला आणि पुढे सक्तीचा झाला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये राजा अहाब रुसून बिछान्यावर अंग टाकतो, तिथे अजून साधे ‘हिम’च आहे.

मराठीने या कामाला दोन शब्द ठेवले, ‘स्वतः’ आणि ‘आपण’. व्याकरणाच्या पुस्तकांत दोन्ही आत्मवाचक सर्वनामांत मोडतात, पण दोघांची वागणूक सारखी नाही. ‘सुमनला वाटते, की रेखाने स्वतःला फसवले’ या वाक्यात फसलेली रेखा आहे. ‘सुमनला वाटते, की रेखाने आपल्याला फसवले’ म्हटले की फसलेली सुमन होते. काशी वली यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी मराठीतला हा भेद जगापुढे मांडला. ‘स्वतः’ जवळच्या कर्त्याला धरतो, ‘आपण’ लांबच्या कर्त्यापर्यंत, म्हणजे ज्याच्या मनात हा विचार चालला आहे त्याच्यापर्यंत पोचतो. इंग्रजीत दुसऱ्या वाक्यासाठी साधे ‘हर’च वापरावे लागते आणि ती ‘हर’ सुमन की तिसरीच कोणी, हे संदर्भावर सोडावे लागते.

याशिवाय ‘आपण’ला आणखी कामे आहेत. ‘चला, आपण जाऊ’ म्हणताना त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघे असतात. ‘आपण बसावे’ म्हणताना तोच शब्द समोरच्या आदरणीय माणसासाठी असतो. मी, तू आणि आपण दोघे, हे तिन्ही अर्थ एका सर्वनामात नांदतात. मराठी संतांना अद्वैत बोलायला हा शब्द आयताच हाताशी होता, आणि त्यांनी तो भरपूर वापरला.

सर्वनामाकडून आता क्रियापदाकडे वळू. कर्जत तालुक्यातच भीमेच्या काठी सिद्धटेक आहे, अष्टविनायकांतला सिद्धिविनायक. तिथे किंवा कुठल्याही देवळात अभिषेकाला बसलेल्या माणसाच्या तोंडी एक क्रियापद येते. गुरुजी संकल्प सांगतात, यजमान हातात पाणी घेऊन मागून म्हणतो. तिथी, गोत्र, नाव झाले की शेवटी येते ‘करिष्ये’. बहुतेकांना तो मंत्राचा एक तुकडा वाटतो. पण यजमानाऐवजी गुरुजी एकटेच त्याच्या वतीने पूजा करत असतील, तर जाणकार गुरुजी तिथे ‘करिष्यामि’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ ‘करीन’ असाच. फरक एवढा, की ‘करिष्ये’ हे आत्मनेपद आहे आणि ‘करिष्यामि’ परस्मैपद. पहिल्यात फळ करणाऱ्याला, दुसऱ्यात फळ दुसऱ्याला.

हा पाणिनीचा नियम आहे, अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातला. काही धातूंची क्रिया करून मिळणारे फळ कर्त्याच्याच वाट्याला जाणार असेल तर आत्मनेपद वापरावे. म्हणून यजमान ‘यजते’ आणि ऋत्विज ‘यजति’. स्वतःसाठी रांधणारा ‘पचते’, दुसऱ्यासाठी रांधणारा आचारी ‘पचति’. अष्टाध्यायीवरच्या ‘काशिका’ या टीकेच्या कर्त्यांना इथे एक शंका आली, आणि ती आजही कोणालाही यावी अशी आहे. ऋत्विजाला दक्षिणा मिळते, आचाऱ्याला मजुरी मिळते, मग त्यांनाही फळ मिळालेच की! त्यावर काशिकेचे उत्तर असे, की दक्षिणा मिळते खरी, पण यज्ञ काही दक्षिणेसाठी मांडलेला नसतो. क्रियेचे मुख्य फळ कोणाचे, ते पाहायचे. इंग्रजी सर्वनामाने विचारले, कर्ता आणि कर्म एकच का? संस्कृत क्रियापदाने त्याहून पुढचे विचारले, हे कोणासाठी?

एवढे करून त्याच पूजेच्या शेवटी काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. पळीने ताम्हनात पाणी सोडत यजमान म्हणतो, या पूजेने देव प्रसन्न होवो, ‘न मम’. माझे नाही. ‘करिष्ये’ म्हणून ज्याने फळ स्वतःच्या नावावर लावून घेतले, त्यानेच तासाभरात ते सोडून दिले. कर्मकांडाला नावे ठेवणाऱ्यांनी आणि ते डोळे झाकून करणाऱ्यांनीही या दोन शब्दांकडे क्वचितच लक्ष दिले असेल. फळाची आसक्ती आणि तिचा त्याग हा गीतेतला मोठा विषय अभिषेकाच्या पाटावर क्रियापदाच्या रूपातून आणि एका षष्ठीतून पार पडत असतो.

इथवर प्रश्न व्यवहारातला होता. खरी अडचण ‘पाहणे’ आणि ‘जाणणे’ या क्रियांपाशी येते. माणूस स्वतःचे केस विंचरू शकतो, कारण हात वेगळा आणि केस वेगळे. पण जाणणारा स्वतःला जाणू शकतो का? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दोन उदाहरणे दिली आहेत. अग्नी कितीही तापला तरी स्वतःला जाळत नाही, आणि डोंबारी कितीही तरबेज असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. एकाच क्रियेचा कर्ता आणि कर्म एकच असणे हा विरोध आहे, असे आपल्या दर्शनांत मानले गेले. त्याला नावच आहे, कर्तृकर्मविरोध. व्याकरणातल्या दोन शब्दांची जोडी करून तत्त्वज्ञानाने आपला एक मोठा आक्षेप तयार केला. बौद्ध नैयायिक दिङ्नाग याच्या विरुद्ध होता. ज्ञान दिव्यासारखे वस्तूही उजळते आणि स्वतःलाही, असे तो मानी. त्याच्या या स्वसंवेदनावर पुढे शतकानुशतके खंडनमंडन चालले.

मौज अशी, की बृहदारण्यक उपनिषदातच दोन्ही वाक्ये आहेत. याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो, की जिथे द्वैतासारखे काही असते तिथेच एक दुसऱ्याला पाहतो. सगळेच आत्मा झाल्यावर कोण कोणाला पाहणार, जाणणाऱ्याला कशाने जाणणार? म्हणजे कर्मच संपले, आता वाक्य होत नाही. आणि त्याच उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे, की आरंभी ब्रह्मच होते आणि त्याने स्वतःलाच जाणले. इथे वाक्य होते, आणि त्यात आत्मवाचक कर्म आहे. एकाच ग्रंथात एकदा हे वाक्य अशक्य म्हटले आणि एकदा ते लिहून टाकले. टीकाकारांनी दोन्हींचा मेळ घातला आहे. वाचणाऱ्याने मात्र आधी ही ओढाताण नीट पाहून घ्यावी. मेळ घालण्याची घाई केली तर प्रश्नच हातातून निसटतो.

संस्कृतात अडचणीला आणखी एक पदर आहे. ‘आत्मन्’ हा तत्त्वज्ञानातला आत्मा, आणि तोच रोजच्या बोलण्यातला ‘स्वतः’. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या पाचव्या श्लोकात हा शब्द सात वेळा येतो. आपणच आपला उद्धार करावा, आपण आपला बंधू आणि आपणच आपला वैरी, असा आशय. चार्ल्स विल्किन्स याने १७८५ मध्ये गीता प्रथम इंग्रजीत नेली. तेव्हापासून या श्लोकाशी प्रत्येक भाषांतरकाराची झटापट झाली आहे. कोणी सरळ ‘हिमसेल्फ’ लिहून मोकळे झाले, म्हणजे हा कष्टाळू माणसाला केलेला उपदेश झाला. कोणी एक ‘सेल्फ’ मोठ्या अक्षराने आणि दुसरा लहान अक्षराने लिहिला, म्हणजे वरचा आत्मा खालच्या जीवाला उचलतो असा सिद्धान्त झाला. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही. मूळ श्लोक या दोहोंपैकी एक निवडायला कोणालाच भाग पाडत नाही. ती निवड इंग्रजी लिपीने करायला लावली, आणि पुढे आपलेच लोक गीता इंग्रजीतून वाचू लागल्यावर ती निवड मूळ अर्थ म्हणून परत आली. हे नुकसान लहान नाही.

ज्ञानदेवांनी याच श्लोकापाशी पोपटाचे उदाहरण घेतले आहे. पारध्याने टांगलेल्या नळीवर पोपट बसतो. त्याच्या वजनाने नळी फिरते, तो उलटा होतो आणि भीतीने नळी आणखी घट्ट धरतो. पायांनी नळी धरली आहे ती त्यानेच. पण त्याला वाटते, आपल्याला कोणीतरी बांधले आहे. पाय सोडले की उडून जाता येईल, आणि तेच त्याच्याने होत नाही. ‘पोपटाला बांधले’ आणि ‘पोपटाने स्वतःला बांधले’ या दोन वाक्यांमधल्या अंतरात त्या पक्ष्याचा जीव अडकला आहे. श्लोकातल्या सात आत्म्यांची वर्गवारी करत बसण्यापेक्षा हे उदाहरण कितीतरी जास्त सांगून जाते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञान या जागी वेगळ्या वाटेने आले. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख याने आपल्या ग्रंथात स्वतःची एक हकिकत नोंदवली आहे. रात्रभराच्या रेल्वेप्रवासाने तो थकला होता. घोड्यांच्या बसमध्ये चढताना समोरून एक माणूस चढताना दिसला आणि त्याच्या मनात आले, काय हा गबाळा मास्तर! समोर आरसा होता. व्याकरण म्हणणार, माखने स्वतःला पाहिले. माखचे मन त्या क्षणी म्हणत होते, मी त्याला पाहिले. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन पेरी याने १९७९ च्या निबंधात असेच उदाहरण रचले. दुकानात फरशीवर साखरेची रेघ दिसते, पेरी फाटकी पिशवी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला शोधत फिरत राहतो, आणि शेवटी कळते की पिशवी आपलीच फाटली आहे. ‘तो सांडतो आहे’ आणि ‘मी सांडतो आहे’ यांत माणूस एकच, तरी दुसरे कळेपर्यंत तो थांबत नाही. जगातली सगळी माहिती हाती असली तरी ‘तो म्हणजे मी’ हे कळणे वेगळे, असा त्याचा मुद्दा.

मराठी संतांचा अनुभव थेट इथे येऊन मिळतो. ज्याला ‘तो’ म्हणून शोधत निघालो तोच आपण निघालो. मात्र पेरीचे गिऱ्हाईक हे कळताच शोध थांबवते. वारकरी थांबत नाही, पुढच्या आषाढीला पुन्हा निघतो. इथे केवळ अद्वैताचे तर्कशास्त्र पुरत नाही.

त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी मिरजगाव, कर्जत या वाटेने करमाळ्याकडे जाते. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू. याच जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. पुढच्या ‘अनुभवामृता’त त्यांनी आत्मवाचक वाक्याची जितकी कसून तपासणी केली तितकी मराठीत दुसऱ्या कोणी केली नसेल. दुसऱ्या प्रकरणात निवृत्तिनाथांना नमस्कार करायला जावे, तर नमस्कार करणारा वेगळा उरत नाही, ही अडचण येते. गुरू आणि शिष्य या दोन शब्दांत एकटे गुरूच नांदतात, असे ते म्हणतात. सहाव्या प्रकरणात शब्दाची झडती आहे. शब्द आत्म्याला त्याची आठवण करून देतो म्हणावे, तर आत्मा स्वतःला विसरला कधी होता? जिथे विसर नाही तिथे आठवही नाही. ‘त्याने स्वतःला ओळखले’ हे अध्यात्माच्या पुस्तकांत पदोपदी भेटणारे वाक्य ज्ञानदेव असे खिळखिळे करून टाकतात.

आणि तरीही नवव्या प्रकरणात ते भक्ती परत आणतात. एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार करता येतो, मग एकातच भक्तीचा व्यवहार का होऊ नये? वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले आहे त्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. कातळ एक आहे म्हणून देव देवळाबाहेर जात नाही की देऊळ देवात विरून जात नाही. ज्ञानदेवांचे हे म्हणणे ‘हिम’ आणि ‘हिमसेल्फ’ यांतल्या कुठल्याच एका शब्दात बसत नाही. भाषांतर करताना निवडायचेच झाले, तर जिथे भेट आहे, नमस्कार आहे, हाक आहे तिथे साधे सर्वनामच ठेवावे. सगळे एकच आहे असे म्हणत संतांच्या प्रत्येक ‘तू’चा ‘आत्मा’ करून टाकणारी निरूपणे विद्वत्तेची असतील, पण त्यांत पांडुरंग कोणालाच भेटत नाही.

तुकोबांनी तर ही मागणी उघड केली आहे. ब्रह्मज्ञान नको, मी भक्त आणि तू देव असेच राहू दे, असे विठ्ठलाला सांगणारा त्यांचा अभंग आहे. आणि आपले मरण आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले, असे सांगणारा अभंगही त्यांचाच. पहिल्यात दोघे आहेत, दुसऱ्यात पाहणारा आणि मेलेला एकच. दिलीप चित्रे यांनी तुकोबांना ‘सेज तुका’ या नावाने १९९१ मध्ये इंग्रजीत नेले, पुढे ‘अनुभवामृता’चेही भाषांतर केले. इंग्रजी पुस्तकाला दिलेले ते नावच ‘तुका म्हणे’ या नाममुद्रेचे आहे. अभंगभर ‘मी’ म्हणणारा कवी शेवटच्या चरणात स्वतःला नावाने, तिसऱ्या पुरुषी हाक मारतो. मराठी वाचक तिथे अडखळत नाही.

सर्वनामाची निवड न करता येणे ही केवढी मोठी अडचण असू शकते, हे योगी चांगदेवांच्या कथेत दिसते. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र पाठवायचे चांगदेवांनी ठरवले. मायना काय लिहावा? वयाने ते परंपरेप्रमाणे चौदाशे वर्षांचे, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर समोरचा ज्ञानाने थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर समोर कोवळा मुलगा. तू की आपण, हेच ठरेना. त्यांनी कोरा कागद पाठवला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्याचे उत्तर पासष्ट ओव्यांत दिले, तीच ‘चांगदेव पासष्टी’.

त्या पत्रात वरवर पाहता भेट अशक्यच करून टाकली आहे. शब्दाने शब्द ऐकावा, चवीने चव चाखावी, उजेडाने उजेड पाहावा, तशी तुझीमाझी भेट. कर्ता, कर्म आणि साधन तिन्ही एकच. तरी हे सांगताना ज्ञानदेव समोरच्याला नावाने हाक मारतात, ‘चांगया’ म्हणतात, आणि तुला भेटावेसे वाटते म्हणून सांगतात. दोन नाहीत हे सांगायलाही दुसरा लागतो, आणि ज्ञानदेवांना त्याची अडचण वाटत नाही. पत्र वाचून चांगदेव आळंदीला आले आणि परंपरा सांगते, की ज्ञानदेवादी चौघा भावंडांत वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुक्ताबाईंना त्यांनी गुरू केले. चांगदेवांची समाधी याच अहिल्यानगर जिल्ह्यात, गोदाकाठी पुणतांब्याला आहे.